माणसे मोजा, कार्यक्रम नव्हे!

हिवाळ्याची चाहूल लागली की महाविद्यालयांच्या आवारात मांडवाचे बांबू येऊन पडतात. स्नेहसंमेलने, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, एकांकिका, तंत्रमहोत्सव, चर्चासत्रे आणि पदवीदान समारंभ यांचा हंगाम सुरू होतो. विद्यार्थी रात्रीचा दिवस करतात, प्राध्यापक धावपळ करतात, आणि प्राचार्य प्रमुख पाहुण्यांच्या होकाराची वाट पाहत बसतात. हा उत्साह आम्हांला प्रिय आहे. ज्या महाविद्यालयाच्या भिंतींनी टाळ्यांचा कडकडाट ऐकला नाही, ते महाविद्यालय नव्हे, शिकवणीचा वर्ग होय. म्हणून या उत्साहाला बांध घालण्याची सूचना घेऊन आम्ही आलेलो नाही. आमचा प्रश्न अगदी साधा आहे. आपल्या सभागृहात किती माणसे बसतात, किती येणार आहेत आणि ती किती दारांनी बाहेर पडतील, या तीन प्रश्नांची उत्तरे किती महाविद्यालयांना कार्यक्रमाच्या आधी ठाऊक असतात?

हा प्रश्न कारकुनी वाटेल. परंतु २५ नोव्हेंबर २०२३ रोजी केरळातील कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात याच प्रश्नाचे उत्तर चार प्रेतांनी दिले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचा तंत्रमहोत्सव चालू होता आणि संध्याकाळी खुल्या रंगमंदिरात गाण्याचा कार्यक्रम ठरला होता. प्रवेशद्वाराबाहेर गर्दी खोळंबली होती. तोच पाऊस आला. आडोशासाठी लोक आत धावले, आणि दारापासून खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांवर पुढचे पडले, मागचे त्यांच्यावर पडले. चौघांचा जीव गेला. त्यांपैकी तिघे त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. पन्नासांहून अधिक जण जखमी झाले. दोष कोणाचा हे ठरवणे चौकशीचे आणि न्यायालयाचे काम आहे. त्यात आम्ही शिरत नाही. पण त्या संध्याकाळी तेथे कोणी दंगलखोर नव्हते, आग लागली नव्हती, छत कोसळले नव्हते. गाणे ऐकण्यास आलेली तरुण मुले होती, एक दार होते, काही पायऱ्या होत्या आणि पावसाची एक सर होती. आपल्याकडील कोणत्याही महाविद्यालयात यांपैकी एकाही गोष्टीची वाण आहे काय?

अशा दुर्घटनेनंतर आपण दैवाला बोल लावतो, किंवा तरुणांच्या बेशिस्तीला. दोन्ही वाटा सोप्या आहेत; कारण दोहोंतही विचार करावा लागत नाही. वास्तविक, गर्दीचेही एक गणित आहे आणि ते फार अवघड नाही. खेळांच्या मैदानांसाठी ब्रिटनमध्ये जी सुरक्षा-मार्गदर्शिका वापरतात, तिच्या हिशेबाने सपाट वाटेच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला फार तर ८२ माणसे सुरक्षितपणे जाऊ शकतात. पायऱ्या असतील तर ६६. आता दोन मीटर रुंदीचा एकच जिना असलेले सभागृह डोळ्यांसमोर आणा. मिनिटाला १३२ माणसे, म्हणजे हजार माणसे बाहेर पडण्यास साडेसात मिनिटांहून अधिक वेळ; तोही सर्वजण शहाण्यासारखे चालले तर. वीज गेल्यावर किंवा पाऊस आल्यावर साडेसात मिनिटे शहाण्यासारखे कोण चालतो? हे त्रैराशिक सातवीतील मूल करू शकेल. मात्र त्यासाठी जिन्याची रुंदी आणि माणसांची संख्या हे दोन आकडे हाताशी असावे लागतात. ते दोन आकडेच आपल्याजवळ नसतात.

आणखी एक गोष्ट. आपल्या भाषेत ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द रूढ आहे आणि त्यामुळे आपल्या डोळ्यांपुढे एकमेकांना तुडवीत पळणारी माणसे येतात. गर्दीच्या दुर्घटनांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने निराळेच चित्र दाखवले आहे. एका चौरस मीटरमध्ये सुमारे सात माणसे दाटली की गर्दी जणू द्रवरूप होते. तिच्यात लाटा उठतात आणि त्या लाटांपुढे एकट्या माणसाची इच्छा चालत नाही. बहुतेक मृत्यू तुडवले गेल्याने नव्हे, तर छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्याने होतात. तात्पर्य, माणसे बेशिस्त झाली म्हणून मरतात हे अर्धसत्यही नाही. ती मावत नव्हती तेथे त्यांना येऊ दिले, म्हणून ती मरतात. शिस्त विद्यार्थ्यांना शिकवण्यापूर्वी ती आयोजकांच्या वहीत यावयास हवी.

वहीचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. वर ज्या मार्गदर्शिकेचे आकडे दिले, तिच्या जन्माची कथाच एका न वाचलेल्या वहीची कथा आहे. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगो येथील आयब्रॉक्स मैदानावरून फुटबॉलचा सामना संपल्यावर लोक परतत असताना एका जिन्यावर ६६ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर चौकशी झाली आणि १९७३ साली ती मार्गदर्शिका निघाली. पण त्याच जिन्यावर १९६१ साली दोघे मृत्यू पावले होते. १९६७ आणि १९६९ मध्येही तेथेच माणसे जखमी झाली होती. जिन्याने तीनदा सूचना दिली होती. आकडे होते, तारखा होत्या. नव्हते ते इतकेच की त्या तारखा एकाखाली एक मांडून कोणी त्यांचा अर्थ लावला नाही. ज्याला आज सर्वजण ‘डेटा’ म्हणतात आणि ज्याच्या नावाने मोठमोठी यंत्रे विकली जातात, तो मुळात इतकाच असतो: घडलेल्या गोष्टींची नीट ठेवलेली नोंद, आणि पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी ती वाचण्याची सवय.

आपल्या महाविद्यालयांतून नेमकी हीच सवय नाही, आणि तिच्या अभावाचे कारण कोणाच्या दुष्टाव्यात नसून व्यवस्थेच्या घडणीत आहे. संमेलनाची विद्यार्थी समिती दरवर्षी बदलते. तृतीय वर्षातील मुलगा वर्षभर ठेचा खाऊन शिकतो: ध्वनिक्षेपकवाला किती वाजता येतो, मागचे फाटक कोणत्या घटकेला तुंबते, नाव नोंदवलेल्यांपैकी किती जण खरोखर येतात. फेब्रुवारी सरतो, परीक्षा होते, मुलगा पदवी घेऊन जातो आणि त्याच्याबरोबर हे सारे ज्ञानही फाटकाबाहेर जाते. जूनमध्ये नवी समिती येते, ती पुन्हा श्रीगणेशा करते आणि त्याच ठेचा पुन्हा खाते. प्राध्यापकही समित्यांतून फिरत असतात. शंभर-शंभर वर्षांच्या आमच्या संस्थांची कार्यक्रमांबाबतची स्मृती अशी एका वर्षाची असते. उरते काय? पावत्यांची फाइल, हार घातलेल्या पाहुण्यांची छायाचित्रे आणि ‘कार्यक्रमास उदंड प्रतिसाद लाभला’ असे सांगणारा अहवाल. ‘उदंड’ म्हणजे किती, हे तो अहवाल कधीही सांगत नाही.

कोणी म्हणेल, महाविद्यालये आकडे ठेवीत नाहीत हा आरोप अन्यायाचा आहे. उलट आकड्यांच्या ओझ्याखाली ती वाकली आहेत. हे खरे आहे, आणि दुखणे नेमके तेथेच आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेकडून, म्हणजे ‘नॅक’कडून, चांगली श्रेणी मिळावी यासाठी प्रत्येक महाविद्यालय धडपडते. त्या मूल्यांकनात किती कार्यशाळा घेतल्या, किती चर्चासत्रे झाली, समाजोपयोगी उपक्रम किती, सांस्कृतिक आणि क्रीडा कार्यक्रम किती, हे विचारले जाते. त्यात वावगे काही नाही. पण विचारणाऱ्याने संख्या विचारली की सांगणारा संख्या वाढवतो, हा मनुष्यस्वभाव आहे. मग एका आठवड्यात तीन चर्चासत्रे उरकली जातात. अक्षांश-रेखांश छापलेले छायाचित्र पुरावा म्हणून जोडले जाते. कार्यक्रम पृथ्वीच्या पाठीवर नेमक्या कोणत्या बिंदूवर झाला हे त्या छायाचित्रावरून निर्विवाद सिद्ध होते. मात्र मागच्या रांगेत वक्त्याचा आवाज पोचला काय, किती जण मध्येच उठून गेले, आलेल्यांपैकी किती स्वखुशीने आले आणि किती तास रद्द करून हाकून आणले गेले, हे त्यावरून कळत नाही. आपण कार्यक्रम मोजतो, माणसे मोजीत नाही. आणि जे मोजतो तेही झाल्यावर, फायलीसाठी, करण्यापूर्वी शहाणे होण्यासाठी नव्हे.

परिणामी एकाच आवारात दोन परस्परविरुद्ध दृश्ये दिसतात. एकीकडे नामवंत पाहुणा पाचशे खुर्च्यांच्या सभागृहात पुढच्या दोन रांगांशी बोलत असतो, आणि त्या दोन रांगा भरण्यासाठी द्वितीय वर्षाचा वर्ग व्याख्यान सोडून आणलेला असतो. दुसरीकडे गाण्याच्या रात्री त्याच सभागृहाच्या दारावर दुप्पट माणसे रेटारेटी करीत असतात. एकीकडे दोनशे जणांचे जेवण वाया जाते. दुसरीकडे पाण्याचे पिंप तासाभरात कोरडे पडते. हा पैसा कोणाचा? बहुतांशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आलेला. हा वेळ कोणाचा? सत्रपद्धतीत आधीच आखडलेल्या अध्यापनाचा. मागील तीन वर्षांत नोंदणी किती झाली, प्रत्यक्ष किती आले आणि अखेरपर्यंत किती थांबले, हे तीन आकडे कोणी लिहून ठेवले असते, तर सभागृह कोणते घ्यावे, जेवण किती सांगावे आणि कार्यक्रम किती वाजता संपवावा, यासाठी वादविवाद करावा लागला नसता.

वेळेचा प्रश्न तर आमच्या या शहरात विशेष जिव्हाळ्याचा आहे. मुंबईच्या महाविद्यालयांत कर्जत, कसारा आणि विरारहून मुले येतात. रात्री साडेनऊला सुरू होणाऱ्या पारितोषिक वितरणाला त्यांच्यापैकी कोण थांबणार? रविवारी परिषद ठेवावी आणि त्याच दिवशी रेल्वेचा मेगाब्लॉक असावा, हा अनुभव कोणाला नाही? विशेषतः विद्यार्थिनींचे काय? सभागृहात आठ वाजता किती मुली होत्या आणि दहा वाजता किती राहिल्या, हे एखाद्या महाविद्यालयाने एकदा मोजून पाहावे. ‘मुलींना या कार्यक्रमांत रस नसतो’ हे वाक्य जेथे जेथे उच्चारले जाते, तेथे कदाचित असे आढळेल की त्यांना रस आहे. घरी पोचवणारी गाडी मात्र नाही. जे आले त्यांची मोजदाद जितकी महत्त्वाची, तितकीच, किंबहुना अधिक, जे येऊ शकले नाहीत त्यांची. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थी पहिल्या मजल्यावरील सभागृहात दिसत नाही, तेव्हा त्याचा अर्थ असा नव्हे की तो महाविद्यालयात नाही.

ऋतूचेही तसेच. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो लोक उन्हात बसले आणि त्यांतील १४ जणांचा मृत्यू झाला. तो सोहळा विद्यापीठाचा नव्हता. पण एप्रिलमधील दुपार कशी असते हे वेधशाळेच्या नोंदींना शंभर वर्षे ठाऊक आहे. त्या नोंदी पाहून वेळ ठरवायची, की वेळ ठरवून मग आकाशाकडे पाहायचे, एवढाच हा प्रश्न आहे. आणि उन्हाळ्यात मैदानावर कार्यक्रम घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने तो स्वतःला विचारावा.

या विचारावर दोन आक्षेप घेतले जातील आणि त्यांचा आदर केला पाहिजे. पहिला असा की, संस्कृती आकड्यांत बसत नाही. अगदी मान्य! बारा श्रोत्यांपुढे वाचलेली कविता बारा हजारांच्या जल्लोषापेक्षा मोलाची असू शकते. म्हणूनच उपस्थितीचा आकडा हा गुणांचा आकडा होता कामा नये. तो तसा झाला की सक्तीची हजेरी येते, दाराला कडी लागते, आणि व्याख्यान ऐकणे ही शिक्षा ठरते. आम्ही मोजा म्हणतो ते प्रतवारीसाठी नव्हे, तयारीसाठी. बारा श्रोते येणार हे ठाऊक असेल तर त्या कवितेला पाचशे रिकाम्या खुर्च्यांचा अपमान सोसावा लागणार नाही. तिला वाचनालयाच्या कोपऱ्यातील बारा खुर्च्यांची ऊब मिळेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोजण्याच्या निमित्ताने पाळत सुरू होईल काय? कोण कोणाबरोबर आला, कोणत्या सभेला बसला, कोणत्या वक्त्याला टाळ्या दिल्या, याची नोंद ठेवण्याचा मोह सत्तेला नेहमीच होतो. चेहरे ओळखणारी यंत्रे फाटकावर बसवून देण्यास व्यापारीही उत्सुक आहेत. येथे आमचे मत निःसंदिग्ध आहे. मोजणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. दारावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाच्या हातातील मोजणीयंत्राला कोणाचे नाव लागत नाही. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला तो याच भयाने. नोंदणीपत्रकावर नाव आणि दूरध्वनी घेतला, तर तो ज्या कामासाठी घेतला त्याच कामासाठी वापरावा आणि काम संपताच पुसून टाकावा. पुढच्या वर्षासाठी आकडा ठेवावा, माणूस नव्हे.

मोजणीचे वावडे असण्याचे महाराष्ट्राला तर काही कारणच नाही. १९३० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर फिरून पुणे शहराची सामाजिक आणि आर्थिक पाहणी केली. त्या पाहणीचे ग्रंथ आजही आदराने उघडले जातात. यंत्रे नसताना, कागद आणि पेन्सिल घेऊन त्यांनी एक शहर समजून घेतले. त्यांच्याच परंपरेत वाढलेल्या महाविद्यालयांना आज आपले एक सभागृह समजून घेता येऊ नये? अनेक महाविद्यालयांत संख्याशास्त्राचा विभाग सभागृहापासून शंभर पावलांवर असतो. त्या विभागातील विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातील काल्पनिक चेंडूंची आणि पिशव्यांची गणिते सोडवण्याबरोबरच आपल्याच संमेलनाच्या गर्दीची पाहणी करण्यास सांगितले, तर त्यांचा प्रकल्पही होईल आणि मित्रांचे प्राणही सुरक्षित राहतील. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालण्याचे कारण नाही.

काय करावे, हे थोडक्यात सांगतो. पहिले, प्रत्येक सभागृहाच्या आणि मैदानाच्या दारावर त्याची क्षमता ठळक अक्षरांत रंगवावी, आणि दारांची व जिन्यांची रुंदी एकदा मोजून कार्यालयात नोंदवून ठेवावी. दुसरे, प्रत्येक कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत एक पानभर नोंद लिहावी: नोंदणी किती, प्रत्यक्ष आले किती, सर्वांत अधिक गर्दी केव्हा, अखेरीस उरले किती, कोणते दार तुंबले, हवा कशी होती, खर्च किती, आणि काय चुकले. शेवटचा रकाना रिकामा सोडण्यास मनाई असावी. तिसरे, ती वही नव्या समितीच्या हाती पहिल्याच बैठकीत द्यावी. ती वाचल्याशिवाय अंदाजपत्रक मंजूर करू नये. चौथे, विद्यापीठाने परीक्षा, युवा महोत्सव आणि मोठी संमेलने यांचे एकत्रित वेळापत्रक वर्षारंभीच प्रसिद्ध करावे, म्हणजे एकाच शनिवारी चार महोत्सव आणि सोमवारी परीक्षा हा घोळ होणार नाही. पाचवे, क्षमतेचा आकडा पूर्ण होताच दार बंद करण्याचा आणि प्रसंगी कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार एका जबाबदार व्यक्तीला लेखी द्यावा. पाहुणा कितीही मोठा असो आणि प्रायोजक कितीही रागावो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ सालीच गर्दीच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. नवे आयोग नेमण्याची आवश्यकता नाही. कपाटातील ती पुस्तिका काढून धूळ झटकण्याची आहे.

यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च लागत नाही. एक वही, एक मोजपट्टी, दारावर उभी राहिलेली दोन दक्ष मुले आणि पुढच्या वर्षी ती वही उघडण्याची इच्छा, एवढेच भांडवल पुरे आहे. १९६३पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने वेळेची शिस्त आणि तरुणांचा जल्लोष एकाच छपराखाली नांदू शकतात हे पिढ्यान्‌पिढ्या दाखवून दिले आहे. शिस्तीने उत्सवाचा रंग उतरत नाही. शिस्त नसली की मात्र कधीतरी त्याचा बेरंग होतो.

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी कुचेष्टेसाठी केली नाही, सावध करण्यासाठी केली. कोचीनच्या त्या पायऱ्यांवर गेलेली मुले गाणे ऐकण्यासाठी घरून निघाली होती. आपल्या दारावर किती माणसे आली आहेत, हे त्या संध्याकाळी वेळीच मोजले गेले असते आणि मोजून दार आवरले गेले असते, तर ती कदाचित घरी परतली असती. या हंगामात आमच्या शहरातील हजारो आईबाप आपल्या मुलामुलींना ‘लवकर ये’ असे सांगून संमेलनाला पाठवतील. त्यांनी घरी बसून घड्याळ पाहायचे आणि महाविद्यालयाने दारावरची माणसेसुद्धा मोजायची नाहीत, हा व्यवहार न्यायाचा नाही. प्राचार्यांनी यंदाच्या संमेलनाचा नारळ अवश्य फोडावा. पण त्याआधी सभागृहाची दारे मोजून घ्यावीत!